दरी मोजून झाली, आता नळ मोजा

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या धोरणाच्या कागदांवर सतरा हा आकडा सगळीकडे दिसत होता. ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक, म्हणजे या देशाचे मूळ रहिवासी, इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा सरासरी सतरा वर्षं कमी जगतात, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला पंतप्रधान केविन रड यांनी सरकारने आईबापांपासून हिरावून नेलेल्या ॲबोरिजिनल मुलांच्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली. आयुर्मानातली ही दरी एका पिढीत, म्हणजे २०३१ पर्यंत, मिटवण्याचं उद्दिष्टही त्याच काळात ठरलं. पुढच्या वर्षी देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने नवे अंदाज छापले : पुरुषांमध्ये दरी ११.५ वर्षं, स्त्रियांमध्ये ९.७. एका वर्षात पाच-सात वर्षांची दरी नाहीशी झाली. या काळात कोणाचं आयुष्य वाढलं नव्हतं, एकही नवा दवाखाना त्यासाठी उभा राहिला नव्हता. फक्त हिशेबाची पद्धत बदलली होती.

तेव्हापासून आजपर्यंत या विषयावरचा सार्वजनिक वाद याच एका वाक्याभोवती घुटमळतो आहे : दरी कमी झाली की नाही? नव्या आकडेवारीचा अहवाल येतो, उद्दिष्टांची यादी वाचली जाते. ही दरी मिटवण्यासाठी २०२० मध्ये झालेल्या राष्ट्रीय करारातल्या १९ उद्दिष्टांपैकी २०२५ च्या मध्यापर्यंत अवघी ४ वेळेत गाठली जाण्याच्या मार्गावर होती. मग एक बाजू म्हणते, इतका पैसा ओतून काही होत नाही, तेव्हा वंशाच्या आधारावर मोजणंच थांबवा आणि गरज पाहा. दुसरी म्हणते, हे आकडे आमची बदनामी करतात, आमची तुलना गोऱ्यांशी करू नका. तिसरी म्हणते, जनगणनेत ‘ॲबोरिजिनल’ या चौकटीवर खूण करणारे वाढले आहेत, आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात ॲबोरिजिनल लोकांना सल्लागार मंडळाच्या रूपाने संसदेपुढे कायमचा आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी फेटाळला गेला आणि तेव्हापासून हे तिन्ही सूर अधिक टिपेला गेले आहेत. यातला प्रत्येक सूर काहीतरी खरं सांगतो, तरीही तिन्हींचा निष्कर्ष चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. वंचितता मोजलीच पाहिजे आणि आजच्यापेक्षा बारकाईने मोजली पाहिजे. पण ज्या आकड्यातून कोणत्या गावात, कोणत्या घरात, काय दुरुस्त करायचं हे कळत नाही, तो गोळा करून सरकारची वार्षिक परीक्षा तेवढी होते, लोकांचा आजार कमी होत नाही. आणि काय मोजायचं हे ज्यांचं मोजमाप होतं त्यांनी ठरवल्याशिवाय ही बारकाई येणार नाही.

आधी त्या सतराचं काय झालं ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे घोळ तिथेच दिसतात. मृत्यूदर म्हणजे भागाकार. वरती मृतांची संख्या, खाली लोकसंख्या. ऑस्ट्रेलियात वरचा आकडा मृत्यूनोंदणीतून येतो. तिथे मृत व्यक्ती ॲबोरिजिनल होती का, हे बहुधा नातेवाइकांनी अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेला सांगितलेलं असतं किंवा डॉक्टरने मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं. खालचा आकडा जनगणनेतून येतो, तिथे माणूस स्वतः किंवा घरातलं कोणी उत्तर देतं. म्हणजे एकाच माणसाची ओळख दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या प्रसंगी सांगितली. जनगणनेत ‘हो’ म्हणणाऱ्याच्या मृत्यूच्या कागदावर ‘नाही’ पडलं की वरचा आकडा घटतो आणि आयुर्मान फुगतं. जुन्या पद्धतीत मृत्यूनोंदणी अपुरी आहे हे गृहीत धरून दोन जनगणनांमधल्या लोकसंख्येच्या फरकावरून मृत्यूंचा अंदाज काढत. लोकसंख्येची वाढ नैसर्गिक नसेल, लोक नव्याने ओळख सांगू लागले असतील, तर हा अंदाज कोसळतो. नव्या पद्धतीत २००६ च्या जनगणनेनंतरच्या काही महिन्यांतला प्रत्येक मृत्यू त्या व्यक्तीच्या जनगणनेच्या अर्जाशी जोडून पाहिला गेला, ओळख किती ठिकाणी जुळते ते तपासलं गेलं आणि त्या प्रमाणात दुरुस्ती केली गेली. दुसरी पद्धत पहिलीपेक्षा निःसंशय चांगली आहे. पण ध्येय जुन्या पट्टीने आखायचं आणि प्रगती नव्या पट्टीने मोजायची, हे ज्या देशात घडलं तिथे लोकांनी आकड्यांकडे संशयाने पाहिलं तर दोष कोणाचा?

आज दरी किती? २०२०–२२ च्या अंदाजानुसार ॲबोरिजिनल पुरुषाचं आयुर्मान ७१.९ वर्षं, स्त्रीचं ७५.६. फरक पुरुषांत ८.८ आणि स्त्रियांत ८.१ वर्षांचा. त्याआधीच्या २०१५–१७ च्या अंदाजात तो ८.६ आणि ७.८ होता. वर्तमानपत्रांनी लिहिलं, दरी वाढली. इतक्या लहान फरकाला, ओळख जुळवण्याची दुरुस्ती दर वेळी थोडी बदलत असताना, ‘वाढली’ म्हणणं धाडसाचं आहे. ‘कमी होत नाही’ एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं आणि तेच पुरेसं गंभीर आहे.

ओळखीची नोंद कुठे बिघडते हे रुग्णालयात सर्वांत स्पष्ट दिसतं. नियम साधा आहे : प्रत्येक रुग्णाला, त्याचा चेहरा, आडनाव, उच्चार काहीही असो, एकच ठरलेला प्रश्न विचारायचा, ‘तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टॉरेस सामुद्रधुनी बेटवासी वंशाचे आहात का?’ मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या मराठी माणसालाही हा प्रश्न विचारला जातो. अनेकांना तो विचित्र वाटतो, कारण समोर उभा माणूस भारतीय आहे हे दिसतंच आहे. पण ‘दिसतंच आहे’ म्हणून प्रश्न गाळणं, हीच तर चूक. गोऱ्या कातडीची ॲबोरिजिनल बाई दाखल्याच्या खिडकीशी येते, कारकून विचारत नाही, ‘नाही’वर खूण करतो आणि ती आकडेवारीतून गळते. राष्ट्रीय पडताळणीत अशा नोंदी साधारण ८८ टक्के रुग्णांच्याच बाबतीत बरोबर निघाल्या होत्या. उरलेल्या १२ टक्क्यांचं काय करायचं? काही राज्यं वेगवेगळ्या नोंदी जोडून पाहतात. मग नवा प्रश्न येतो : एका माणसाच्या दहा नोंदींपैकी तीन ठिकाणी ‘हो’ असेल तर त्याला काय धरायचं? एकदाही ‘हो’ असेल तर हो, बहुसंख्य ठिकाणी असेल तर हो, की शेवटच्या नोंदीत असेल तर हो? नियम बदलला की मधुमेहाचा, मूत्रपिंडाच्या आजाराचा, गरोदरपणातल्या तपासणीचा दर बदलतो. त्यात एक छुपा कलही असतो. वारंवार आजारी पडणाऱ्याच्या नोंदी जास्त, म्हणून त्याला ‘एकदा तरी हो’ मिळण्याची शक्यता जास्त. निरोगी माणूस मागे राहतो. अहवालात कोणता नियम वापरला हे पहिल्या पानावर असायला हवं. ते बहुधा परिशिष्टात असतं.

आता ‘चौकटीवर खूण करणारे वाढले’ या आक्षेपाकडे येऊ. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. २०१६ च्या जनगणनेत ६,४९,१७१ लोकांनी स्वतःला ॲबोरिजिनल किंवा टॉरेस सामुद्रधुनी बेटवासी म्हटलं, २०२१ मध्ये ८,१२,७२८ लोकांनी. पाच वर्षांत २५ टक्के वाढ, आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग जन्म-मृत्यू-स्थलांतराने समजावता येत नाही. ज्या मराठी वाचकाला जातीचा दाखला, पडताळणी समिती आणि अनुसूचीतल्या नावांवरून चालणारे खटले ठाऊक आहेत, त्याच्या मनात लगेच शंका येते. पण तिथली रचना वेगळी आहे. १९८० च्या दशकापासून सरकारी व्याख्येला तीन पाय आहेत : वंशातून आलेलं नातं, स्वतः सांगितलेली ओळख आणि समाजाने दिलेली मान्यता. योजनेचा लाभ किंवा नोकरी घेताना अनेकदा तिन्हींचा पुरावा मागतात. जनगणना मात्र फक्त मूळ विचारते आणि उत्तर मान्य करते. खूण करून जनगणनेतून कोणाला काही मिळत नाही. मग वाढ का? दोन पिढ्या भीतीने लपवलेली आजी आता नातवंडं उघड सांगतात. शिवाय ॲबोरिजिनल आणि इतर अशा जोडप्यांची मुलं ॲबोरिजिनल म्हणून नोंदली जातात.

तरी आक्षेपाचा गाभा उरतोच. नव्याने ओळख सांगणारे प्रामुख्याने शहरांतले असतात. त्यांचं शिक्षण आणि उत्पन्न सरासरीहून बरं असेल, तर ते गटात येताच गटाची सरासरी सुधारते आणि जुन्यांपैकी एकाचंही आयुष्य बदललेलं नसतं. बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं म्हणून मंत्री अभिनंदन करतात, तेव्हा त्यातली किती वाढ खरी आणि किती गट बदलल्याची, हे विचारायलाच हवं. यावर उपाय उपलब्ध आहे : एका जनगणनेतल्या लोकांचे पुढच्या जनगणनेतले अर्ज नमुन्याने जोडायचे आणि त्याच माणसांचं काय झालं ते पाहायचं. सांख्यिकी कार्यालयाकडे अशी ५ टक्क्यांची जोडणी २००६ पासून आहे. प्रगतीचा प्रत्येक दावा या जोडणीवर एकदा घासून पाहायला हवा. ओळखीवर संशय घेत बसण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. कोण खरा ॲबोरिजिनल हे राज्याने ठरवण्याचा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रक्ताचे अपूर्णांक काढून माणसं गटांत टाकली जात. टास्मानियात १८७६ मध्ये त्रुगानिनी वारल्या आणि तिथले ॲबोरिजिनल नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सरकारी हिशेबात शून्य. त्या शून्याच्या सावलीत बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर घरं करून असलेल्या कुटुंबांना शंभर वर्षं ‘तुम्ही अस्तित्वात नाही’ असं ऐकावं लागलं. २०२१ मध्ये टास्मानियात सुमारे तीस हजार लोकांनी ही ओळख सांगितली. त्यांतल्या कोणाची ओळख खरी यावर तिथल्या ॲबोरिजिनल संस्थांमध्येच तीव्र मतभेद आहेत हे मान्य. तो वाद त्यांच्यात सुटेल. जनगणनेच्या कारकुनाने तो सोडवू नये.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे : गरज पाहा, वंश नको. त्याचं बळ असं की ॲबोरिजिनल समाज एकसंध नाही. अतिदुर्गम आणि दुर्गम भागांत मिळून त्यांतले सुमारे १५ टक्केच राहतात, ४० टक्क्यांच्या आसपास मोठ्या शहरांत. सिडनीतल्या वकिलाची आणि उत्तरेकडच्या दुर्गम अर्नहेम लँडमधल्या वस्तीतल्या आजीची सरासरी काढून दोघांपैकी कोणाचंच चित्र मिळत नाही. मग वस्तीची गरिबी मोजा आणि तिथे पैसा द्या, असं म्हटलं जातं. त्यासाठी सांख्यिकी कार्यालयाचा भागवार निर्देशांक आहेच. त्यात उत्पन्न, शिक्षण, बेरोजगारी वगैरे एकत्र करून प्रत्येक भागाला गुण देतात आणि सरासरी १००० धरतात. अडचण अशी की गुण भागाला मिळतात, माणसाला नाही. खाणीच्या गावात गोरे अभियंते भरपूर कमावतात, गावाचा निर्देशांक वर जातो आणि त्याच गावाच्या कडेला राहणारी ॲबोरिजिनल कुटुंबं कागदावर सुखवस्तू होतात. दुर्गम वस्त्यांत हे होत नाही, कारण तिथे जवळपास सगळेच ॲबोरिजिनल आहेत. ते होतं मिश्र गावांत आणि शहरांत, म्हणजे जिथे बहुसंख्य ॲबोरिजिनल लोक राहतात तिथेच. वंश पुसून गरज पाहिली की जिथे गरज सर्वांत जास्त झाकलेली आहे, तिथेच ती दिसेनाशी होते. शिवाय मोठ्या शहरांतल्या ॲबोरिजिनल पुरुषांचं आयुर्मानही ७२ वर्षांच्या आसपासच आहे. दुर्गमता हे एकच कारण असतं तर शहरात ही दरी जवळपास मिटायला हवी होती.

ओळखीची नोंद नसती तर काय कळलंच नसतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशी आयोगाचं आहे. १९८० ते १९८९ या काळातल्या ९९ मृत्यूंची चौकशी करून आयोगाने १९९१ मध्ये अहवाल दिला. अनेकांना धक्का देणारा निष्कर्ष असा निघाला की कोठडीत आल्यावर ॲबोरिजिनल कैदी इतर कैद्यांपेक्षा जास्त दराने मरत नाहीत. खाली ‘कैदी’ ठेवून भागलं तर फरक नाही. खाली ‘लोकसंख्या’ ठेवून भागलं तर फरक प्रचंड, कारण ते मुळात कितीतरी जास्त प्रमाणात कोठडीत टाकले जातात. म्हणजे उपाय फक्त कोठडीच्या भिंतीत शोधून भागणार नव्हतं, तो पोलीस, न्यायालय आणि जामिनाच्या अटींत शोधायचा होता. भागाकारात खाली काय ठेवता यावर तुम्ही कोणाला जबाबदार धरता हे ठरतं. तो धडा आयोगाने स्वच्छ लिहिला आणि सरकारांनी तो घेतला नाही. तेव्हा कैद्यांत ॲबोरिजिनल लोकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं, आज ते एक तृतीयांशाच्या वर आहे. याच आयोगाच्या शिफारशीमुळे १९९४ मध्ये पहिलं स्वतंत्र राष्ट्रीय ॲबोरिजिनल सर्वेक्षण झालं.

तिसरा आक्षेप, ‘हे आकडे आमची बदनामी करतात’, मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून त्याच्याशी सर्वांत सावधपणे वाद घालायला हवा. टास्मानियाच्या पालावा समाजातल्या समाजशास्त्रज्ञ मॅगी वॉल्टर यांनी दाखवून दिलं की ॲबोरिजिनल लोकांबद्दलची सरकारी आकडेवारी पाचच गोष्टी सांगते : विषमता, अभाव, वंचितता, बिघाड आणि वेगळेपणा. ती दारू मोजते, तुरुंग मोजते, गैरहजेरी मोजते. किती आज्या नातवंडांना भाषा शिकवतात, किती कुटुंबं आपल्या भूमीवर जाऊन येतात, दवाखान्यात किती जणांना अपमान सोसावा लागतो, हे मोजत नाही. वर्षानुवर्षं हेच छापलं की वाचणाऱ्याला वाटू लागतं, दोष या लोकांतच आहे. हे सगळं खरं आहे. पण म्हणून मोजू नका? न मोजण्याचा इतिहास याहून वाईट आहे. १९०१ च्या राज्यघटनेचं कलम १२७ सांगत होतं की देशाची लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल लोकांना धरायचं नाही. ते काढायला २७ मे १९६७ चं सार्वमत लागलं, आणि ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. न मोजलेल्या मुलाच्या मृत्यूला कोणी जबाबदार नसतो. १९७६ ते १९७८ या काळात नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या पथकाने गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले, तेव्हा कुठे या श्रीमंत देशात खुपरी किती पसरली आहे हे देशाला कळलं. वॉल्टर यांचा स्वतःचा निष्कर्षही मोजमाप सोडा असा नाही. मोजमापाची सूत्रं आमच्या हाती द्या, असा आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून ॲबोरिजिनल संशोधकांच्या नेतृत्वाखाली चालणारा ‘मायी कुवायू’ हा दीर्घ अभ्यास याच वाटेने जातो. त्यात भाषा, भूमी, नातेसंबंध आणि वंशभेदाचा अनुभव हे सगळं आरोग्याच्या बरोबरीने विचारलं जातं.

सूत्रं हातात येणं म्हणजे नेमकं काय, हे घराच्या उदाहरणावरून सर्वांत चांगलं कळतं. सरकारी उद्दिष्ट सांगतं की २०३१ पर्यंत ८८ टक्के ॲबोरिजिनल लोक पुरेशा आकाराच्या घरात राहायला हवेत. ‘पुरेसं’ ठरवायला कॅनडाहून आणलेलं एक माप आहे : जोडप्याला एक खोली, अठरावरच्या एकट्या माणसाला स्वतंत्र खोली, पाच ते सतरा वर्षांची एकाच लिंगाची दोन मुलं एका खोलीत चालतील, भाऊ-बहीण मात्र चालणार नाहीत. हे माप खोल्या मोजतं. पण घर माणसाला आजारी पाडतं ते खोल्यांच्या संख्येएवढंच न्हाणीघरातल्या पाण्यामुळे. १९८० च्या दशकाच्या मध्यात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या अनांगू लोकांच्या नगानाम्पा आरोग्य परिषदेचे संचालक यामी लेस्टर यांनी एका डॉक्टरला, एका वास्तुरचनाकाराला आणि एका सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याला साधं काम दिलं : लोक आजारी पडणं थांबवा. त्यातून नऊ गोष्टींचा क्रम आला. अंग धुता येणं पहिलं, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांचं. मग कपडे आणि अंथरूण धुणं, सांडपाणी नीट वाहून जाणं, अन्न साठवता आणि शिजवता येणं, त्यानंतर गर्दी, प्राणी-किडे, धूळ, घरातलं तापमान आणि इजा.

मोजण्याची रीत त्याहून महत्त्वाची. पथक घरात शिरलं की आधी विजेची सुरक्षितता तपासतं, मग दोनशेहून अधिक बाबी एकेक करून : गरम पाणी येतं का, मोरीतून पाणी जातं का, संडासाची टाकी ओढल्यावर पुन्हा भरते का, चुलीच्या किती बर्नर पेटतात. पथकातले बहुतेक लोक त्याच वस्तीतले, पगार घेऊन काम करणारे. पक्का नियम असा की दुरुस्तीशिवाय सर्वेक्षण नाही. त्याच दिवशी नळजोडणी करणारा आणि वायरमन कामाला लागतात, आणि सहा-आठ महिन्यांनी घर पुन्हा तपासलं जातं. या मोजणीतून एक जुना समज कोसळला. घरं बिघडतात कारण हे लोक ती मोडतात, असं सर्रास बोललं जाई. प्रत्यक्षात राहणाऱ्यांनी केलेल्या मोडतोडीचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. बाकी सगळी न केलेली देखभाल आणि मुळातच निकृष्ट बांधकाम. न्यू साउथ वेल्समध्ये दहा वर्षं चाललेल्या अशा कामाचं मूल्यमापन झालं, तेव्हा त्या घरांतल्या लोकांचं संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात भरती होणं ४० टक्क्यांनी कमी आढळलं. घशातल्या आणि कातडीवरच्या एका जंतूपासून संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होणं ही साखळी ॲबोरिजिनल मुलांमध्ये अजून चालू आहे. त्या मुलांना तीन-चार आठवड्यांनी एकदा, वर्षानुवर्षं, पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. साखळी तोडायची जागा न्हाणीघरात आहे. मग देशभरच्या ॲबोरिजिनल वस्त्यांतलं पाणी, सांडपाणी आणि वीज मोजणारं जे एकमेव राष्ट्रीय सर्वेक्षण होतं, ते २००६ नंतर बंद का पडलं? २०२० च्या करारात वस्त्यांना प्रमाणित सुविधा देण्याचं उद्दिष्ट नंतर जोडलं गेलं, पण ते तपासायला देशभर सारखी आकडेवारीच नाही. ज्याने आजार कमी होतो ते मोजायचं सोडलं आणि ज्यावर भाषण देता येतं ते मोजत राहिलो, असं इथे स्पष्ट म्हणायला हवं.

उत्पन्नाच्या मापातही तीच अडचण आहे. घरातल्या पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येकाला ०.५ आणि पंधराखालच्या मुलाला ०.३ असं वजन देऊन कुटुंबाचं उत्पन्न भागतात. चार मोठी माणसं आणि पाच मुलं असलेलं घर या हिशेबात फक्त चार माणसांचं ठरतं. एकत्र राहिल्याने खर्च वाचतो, हे त्यामागचं गृहीतक. नऊ माणसांच्या घरात, जिथे फ्रीज बंद आहे आणि दुकान एकच व महाग आहे, तिथे कसला खर्च वाचतो? पाहुणे म्हणून आलेले, कामासाठी किंवा अंत्यविधीसाठी तीन महिने राहिलेले नातेवाईक तर जनगणनेच्या नेहमीच्या पत्त्याच्या व्याख्येत बसतच नाहीत, जेवतात मात्र त्याच पातेल्यातून. स्वतः ॲबोरिजिनल लोकांसाठी तयार केलेला, नऊ घटकांचा एक चांगला भागवार निर्देशांक आहे. त्यातही एक घटक मालकीच्या घराचा आहे. देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात १९७६ च्या भूमिहक्क कायद्याने मिळालेली जमीन सामूहिक आहे, ती विकता येत नाही, म्हणून तिच्यावर कर्ज काढून वैयक्तिक घर घेणं फार कठीण. दशकानुदशकं लढून मिळवलेली भूमी त्या रकान्यात वंचितता म्हणून उमटते. राष्ट्रीय कराराच्या वेगळ्याच एका उद्दिष्टात तीच भूमी प्रगती म्हणून मोजली जाते.

हिशेबाच्या दोन चुका इतक्या सामान्य आहेत की त्या नमूद करूनच पुढे जावं लागतं. एक, ॲबोरिजिनल लोकसंख्येचं मध्यवय २४ आहे, देशाचं ३८. वयाचा हिशेब न करता हृदयविकाराचे दर ताडून पाहिले तर तरुण समाज फसवा निरोगी दिसतो. दोन, फरक आणि पट यांत गल्लत होते. समजा, बालमृत्यू एका गटात हजारी २० आणि दुसऱ्यात १० होते, पुढे ते १२ आणि ५ झाले. फरक दहावरून सातवर आला, पट मात्र दोनावरून २.४ वर गेली. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि आठ मुलं वाचली हे सांगणारं तिसरं वाक्यही. तिन्ही छापा. एकच छापणारा काहीतरी लपवतो आहे असं समजायला हरकत नाही.

दवाखान्यांच्या पातळीवर मोजमाप कसं भरकटतं, तेही पाहण्यासारखं आहे. ॲबोरिजिनल व्यक्तीची वार्षिक आरोग्यतपासणी केली की डॉक्टरला सरकारी विम्यातून ७१५ क्रमांकाखाली पैसे मिळतात. तपासण्यांची संख्या मोजायला सोपी, म्हणून तीच निर्देशक झाली. पण रक्तदाब वाढलेला सापडला, लघवीत प्रथिनं सापडली, पुढे काय? परिचारिकेने किंवा ॲबोरिजिनल आरोग्यसेवकाने केलेल्या पाठपुराव्याला वेगळा क्रमांक आहे, आणि तपासणीचा आकडा झळकतो तेवढा तो झळकत नाही. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झालेल्या दवाखान्यापासून समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्यसंस्थांची जी परंपरा वाढली, तिचं वेगळेपण इथे आहे. तिथे आकडा वरच्या कार्यालयाला पाठवायचा असतो तसाच पुढच्या आठवड्यात कोणाच्या घरी जायचं हे ठरवायलाही लागतो.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने नेमकं हेच केलं होतं. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदला आणि त्याच हातांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. तिथली समाजरचना आणि ऑस्ट्रेलियातली वेगळी, पण मोजणारा आणि उपाय करणारा एकच असला की आकड्यात चालढकल करायला जागा उरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे.

लहान वस्तीची एक खरी अडचण मात्र राहते. तीनशे लोकांच्या गावात एका वर्षी एक मूल गेलं की दर आकाशाला भिडतो, पुढच्या वर्षी शून्य होतो. शिवाय जनगणनेच्या छोट्या रकान्यांत गोपनीयतेसाठी आकडे मुद्दाम थोडे हलवलेले असतात, त्यामुळे गावाला स्वतःबद्दल मिळणारी संख्या अंदाजेच असते. म्हणून गावपातळीवर मृत्यूदर मागूच नये. पाच वर्षं एकत्र करून प्रदेशाचा मागावा, आणि गावासाठी चालू नळ, दिलेली इंजेक्शनं, झालेले पाठपुरावे असे थेट मोजता येणारे आकडे ठेवावेत. ते कोणाकडे राहतील? २०२० च्या राष्ट्रीय करारात ॲबोरिजिनल संस्थांना स्थानिक आकडेवारी मिळवून देणं ही चार प्रमुख सुधारणांपैकी एक आहे आणि त्यासाठी २०२३ पर्यंत देशभरात जास्तीत जास्त सहा ठिकाणी प्रकल्प उभारायचे होते. जनगणनेतून सुटलेले धरून दहा लाखांच्या जवळ पोचलेल्या समाजासाठी सहा जागा. २०२४ च्या फेब्रुवारीत या कराराची प्रगती तपासणाऱ्या उत्पादकता आयोगाने लिहिलं की सरकारांनी कराराचा आत्मा पाळलेला नाही, सत्ता वाटून घेतलेली नाही. त्यामुळे मागणी नेमकी ठेवावी लागेल : २००६ मध्ये थांबलेलं वस्त्यांचं सर्वेक्षण दुरुस्तीच्या पैशासह पुन्हा सुरू करा, प्रत्येक प्रदेशातल्या ॲबोरिजिनल आरोग्यसंस्थेला तिच्या लोकांचे आकडे संसदेत मांडण्याआधी द्या, आणि ओळख कोणत्या नियमाने ठरवली ते प्रत्येक तक्त्याच्या वरच लिहा.